चांदणी, एल शंभर

मोटर फिरत होती, रोल फिरत नव्हता.
मधे काहीतरी मेलं होतं.
झाकण काढलं तर दोन लोखंडी पंजांमधून
काळा भुगा गळला, वाळलेल्या चहापत्तीसारखा,
आणि एक तुकडा तळहातावर आला,
रबराचा, उंदरानं कुरतडल्यागत.

"चांदणी गेली," मी म्हणालो.
वीस वर्षं आम्ही तिला चांदणीच म्हणत आलो,
शब्बीर मिस्त्री म्हणायचे म्हणून.
मिस्त्री आता पुलगावला, लेकाकडे,
कानात यंत्र, गुडघ्यात लोखंड.

अकोल्याचा दुकानदार फोनवर म्हणाला,
"चांदणी-बिंदणी आम्ही नाही ठेवत.
बरोबर नाव सांगा, नाहीतर अख्खा नमुना आणा."
अख्खा नमुना तर मी मघाशीच
फुंकर मारून उडवला होता.

दारात सत्तावीस पोती तूर.
सावलीला कांताबाई ढोक:
"मंगळवारी पाहुणे येऊन राह्यले, भाऊ.
वरण कायचं करू, माह्या बोटायचं?"

सुमेधनं मोबाइल काढला.
लिहिलं: चांदणी.
आधी एक मंडपवाला आला,
मग साड्या, झालर, टिकल्यांचं पाकीट.
लिहिलं: डाळ मिलची चांदणी.
फोडणीचे सतरा प्रकार आले.
लिहिलं: मोटर आणि रोलच्या मधलं रबर.
बाटलीचं बूच, चपलेचा तळ,
दात येणाऱ्या बाळानं चावायचं खेळणं.
शेवटी त्यानं तुकड्याचा फोटोच दाखवला फोनला.
फोन थोडा वेळ स्वतःभोवती फिरला
आणि म्हणाला, चॉकलेट बिस्कीट असावं.

कांताबाईला हसता हसता ठसका लागला.
मला मात्र लाज वाटली.
वस्तू हातात आहे,
तिच्यावाचून काय अडतं ते दारात बसलंय,
आणि हाक मारायला शब्द नाही.
माणसाचं असं झालं की
पंचनाम्यात लिहितात: अनोळखी.

संध्याकाळी लाइट गेली.
टॉर्च दातांत धरून सुमेध पंजे पुसत बसला,
रॉकेलचा बोळा, वीस वर्षांचं तेल, चुरी,
दोनदा मारलेला हिरवा रंग.
खाली काहीतरी उठलेलं लागलं बोटाला.
नखानं खरवडलं.
एल.
मग एक.
मग दोन शून्यं.

तेवढंच टाइप केलं
तर पडद्यावर तीच बसलेली, कोरी, काळीभोर,
आणि खाली नाव: स्पायडर.

"म्हंजे कोळी?" कांताबाई वाकून पाहत होती.
"कोळ्याले आठ पाय असते ना रे?"
सुमेधनं मोजले. सहा.

रात्री पडल्या पडल्या वाटलं,
कुठल्यातरी थंड मुलखात
कुणी मिस्त्री यंत्राखाली उताणा पडला असेल,
गालाला ग्रीस, आणि वर पाहताना
त्याला दबा धरलेला कोळी दिसला असेल.
आपले शब्बीरभाई असेच उताणे पडले इथे,
तापल्या पत्र्याखाली, एप्रिलमध्ये,
डोळ्यांत तुरीचं फोल,
आणि त्यांना दिसली चांदणी.
खोटं कुणीच बोललं नाही.
छापलं एकाचंच गेलं.

पाचव्या दिवशी दारव्ह्याच्या स्टँडवरून पार्सल आणलं.
एकशे चाळीस रुपये, वर टपालाचे नव्वद.
मंगळवार उलटून गेला होता,
कांताबाईंनी पाहुण्यांना पिठलं वाढलं होतं.
हातोडीचा एक ठोका. बसली.
भिंतीवर, वायरमनच्या नंबरखाली, सुमेधनं खडूनं लिहिलं:
चांदणी म्हणजे स्पायडर, एल शंभर.

मिस्त्रींना फोन लावला.
दोनदा ओरडून सांगावं लागलं.
"काय म्हणते त्याले?"
"स्पायडर!"
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.
"म्हणू दे," मिस्त्री म्हणाले.
"अन् ऐक, हातोडी रबरावर नको मारजो.
लोखंडावर मार."

मी आधीच मारली होती.
तेवढं सांगितलं नाही.